स्क्रीन दिसतेय ना, मग चालू आहे

२ फेब्रुवारी, सोमवार

मुका झाला! सकाळी कॉम्प्युटरचं बटण दाबलं, आतला पंखा घुमला आणि पुढे काहीच नाही. रोजची सुरुवातीची ती टुंग नाही, मेनू वाचून दाखवणं नाही. कान लावून बसले. शेवटी स्पीकर हातात घेऊन हलवला — जसा काही आवाज आत अडकलाय!

शनिवारी ठेकेदाराची माणसं येऊन सगळ्या ऑफिसात नवीन विंडोज टाकून गेली. जुने मॉनिटर नेले, नवे मोठे आणले. ऑफिस खूश. रंजिता, माझ्या शेजारच्या टेबलावरची, वाकून बघते आणि म्हणते, ‘ताई, चालू शे ना! बठ्ठं दिखी ऱ्हायनं.’

तुला दिसतंय गं बाई! मला जन्मापासून दिसत नाही, आणि हे तू शेजारी बसून इतकी वर्षं बघतेयस!

३ फेब्रुवारी

ठेकेदाराच्या नंबरवर तक्रार नोंदवली. बाईने लिहून घेतलं. ‘कॉम्प्युटर चालू होत नाही का?’ होतो. ‘मग स्क्रीन येत नाही का?’ येते म्हणतात. ‘मग प्रॉब्लेम काय?’ बोलत नाही. तिला वाटलं असणार, कुणीतरी चेष्टा करतंय.

मी अंध आहे, माझा कॉम्प्युटर स्क्रीनवरचं वाचून दाखवतो, मी ऐकून काम करते — हे पहिलीतल्या पोराला समजावं तसं समजावलं. ‘ओके मॅडम, साउंडचा इश्यू.’ गाणी ऐकायची असतील मॅडमला, असंच वाटलं असेल.

५ फेब्रुवारी

मेसेज आला. फोनने वाचून दाखवला — फोन तरी बोलतो अजून. ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. धन्यवाद.’

सोडवली! कोणी? कधी? इकडे कुणी फिरकलंही नाही!

माझं टेबल हातपंपांचं. शहाद्यापासून पार वर डोंगरापर्यंत जिथला पंप बिघडेल तिथून फोन येतो, मी नोंद करते, मेकॅनिक पाठवते. आणि तक्रार बंद कधी करते? गावातलं कुणीतरी स्वतः फोन करून ‘पाणी आलं’ म्हणतं तेव्हा. मेकॅनिक हजार वेळा म्हणू दे झालं म्हणून! हे टेबल मला फुकट मिळालेलं नाही. नोकरीला लागले तेव्हा साहेबांनी टेलिफोनजवळ बसवलं होतं — ‘हॅलो, जोडून देते,’ एवढंच दिवसभर. या टेबलासाठी किती जणांशी भांडले ते माझं मला माहीत.

पुन्हा तक्रार नोंदवली.

६ फेब्रुवारी

आज इंजिनियरचा फोन आला. अजित नाव, धुळ्याहून. तिकडूनच माझ्या कॉम्प्युटरात शिरला. म्हणाला, ‘मॅडम, मला तर सगळं ओके दिसतंय. तुम्हाला आत्ता स्क्रीनवर काय दिसतंय?’

मी फोन ठेवला. नाहीतर जे तोंडून निघालं असतं ते अख्ख्या ऑफिसने ऐकलं असतं.

हे ब्रेलमध्ये टोचतेय. रागात जोर जास्त लागतो, दोन ठिकाणी कागद फाटला. फाटू दे.

९ फेब्रुवारी

आजचे उपाय — बंद करून चालू केला. वायरी काढून घातल्या. स्पीकर बदलला, रंजिताचा लावून पाहिला. माझा स्पीकर तिच्याकडे ढणाढणा वाजतो, तिचा माझ्याकडे गप्प. विंडोजचं स्वतःचं वाचून दाखवणारं असतं, तेही बटणं दाबून चालू केलं — तेही गप्प. म्हणजे माझं सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही. आवाजच कुठेतरी अडलाय. हे अजितला सांगितलं तर म्हणतो, ‘तुमचं ते बोलणारं सॉफ्टवेअर नवीन विंडोजला सपोर्ट करत नसेल.’ ऐकतच नाही माणूस!

आणि हे ओके! स्क्रीनवर काही आलं की जो जवळ असेल तो वाकतो आणि दाबून टाकतो. ‘काय आलं होतं?’ ‘काही नही ताई, इंग्रजीमा काहीतरी व्हतं, ओके करी टाकं.’ समोरच्या टेबलावरच्या करणसिंगने दाबलं, रंजिताने दाबलं, पाणी द्यायला आलेल्या मावशींनीही दाबलं असेल! डोळे आहेत सगळ्यांना, वाचायला मात्र कुणी तयार नाही.

१० फेब्रुवारी

बंद. चहा प्यायले, घरी आले.

१२ फेब्रुवारी

आज डोकंच फिरलं. काठी गावाकडच्या एका पाड्यावरून सोमीबाईचा फोन. हिचा फोन म्हणजे पंप खरंच गेला, उगाच करत नाही ती. ‘बाई, हापसा नुसता वर-खाली होतो, पाणी नाही. होळीला पाहुणे येतील, त्यांना काय पाजू?’ मी टोचून घेतलं. पण सिस्टीममध्ये नोंद झाल्याशिवाय मेकॅनिकला सामान मिळत नाही. करणसिंगला म्हटलं, एवढी टाक. ‘टाकस ना ताई, हाई काम झालं का.’ पाच वाजेपर्यंत त्याचं ‘हाई’ काही झालं नाही. तोंड वेंगाडून मागावं लागतं आता, माझंच काम!

हेमकांत साहेबांकडे गेले. आमचे अधीक्षक. गोड बोलतात, इतकं गोड की दात शिवशिवतात. ‘बाई, तुम्ही कशाला तरास करी लेतस? निवांत बसा. पगार तर चालूच शे.’

मला निवांत बसायचं नाही म्हटलं. मग आवाज जरा ऑफिसचा झाला — ‘हे बघा, नोंदी तुंबल्यात. महिनाअखेरपर्यंत भरल्या नाहीत, तर टेबल दुसऱ्याकडे द्यावं लागेल. माझाही नाइलाज आहे.’ आणि मी? ‘तुमच्यासाठी टेलिफोन आहेच की.’

आहेच की! जसं मला हौसेनं राखून ठेवलंय!

महिनाअखेर. ठीक आहे. बघते मी.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

आई प्रकाशा गावच्या देवळात जाऊन आली. येताच म्हणाली, ‘सांगी उनू महादेवले, मन्ही चारूनं मशीन बोलू दे.’ मग चप्पल काढता काढता, ‘आनि नही बोलनं तं तुन्हं तोंड शे ना! तुन्हा बापले बी आयकू जाई अशी बोलस, तठे हापिसमा कशी गप बठस?’

चिडले तिच्यावर. जेवले नाही. रात्री तिने भाकरी आणून हातात दिली. खाल्ली.

१७ फेब्रुवारी

नवापूरच्या जोसेफला फोन केला. अंधशाळेत एका बाकावर होतो आम्ही, आता तो बँकेत असतो. आधीच करायला हवा होता, पण म्हटलं माझं मी सोडवीन. हट्टीपणा!

सगळं सांगितल्यावर पहिला प्रश्न काय विचारला? ‘मॉनिटर नवीन दिलाय का? केबल जाड आहे?’ उठून चाचपली असती, पण घरी होते. म्हणाला, ‘आमच्या शाखेत हेच झालं. त्या केबलमधून चित्र जातं तसा आवाजही जातो. विंडोज नवीन टाकलं की ते सगळा आवाज मॉनिटरकडे पाठवतं. आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नसतो.’

म्हणजे पंधरा दिवस तो बोलत होता! मॉनिटरच्या पोटात बोलत होता आणि इकडे आईचं महादेवाला साकडं!

‘सेटिंग बदलायला दिसणारं माणूस लागेल,’ जोसेफ म्हणाला. मग हसला. ‘नाहीतर सरळ केबल उपट. तुला काय करायचाय मॉनिटर?’

१८ फेब्रुवारी

उपटली!

सकाळी सगळ्यांच्या आधी गेले. मागे हात घातला, जाड केबल सापडली, घट्ट होती, दोन्ही हातांनी ओढली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पंखा घुमला. टुंग! आणि मग तो, तोच कोरडा, घाईघाईचा आवाज, नाकात बोलल्यासारखा. रडले. खरंच रडले, एकटीच होते म्हणून बरं.

पहिली नोंद सोमीबाईच्या पाड्याची. मग खाली तुंबलेल्या एकेक. बोटं अशी चालत होती की बास.

साडेदहाला रंजिता आली आणि किंचाळली, ‘अरे बाप! ताईना कॉम्प्युटर बंद पडी गया!’ बंद कुठला, तडातडा टाइप करतेय मी! ‘पन काळं शे बठ्ठं!’ करणसिंग आला, दोन बाकीचे आले. मी काम करतेय आणि माझ्याभोवती उभे राहून चर्चा — जळला असेल, शॉर्ट झाला असेल. हेमकांत साहेब धावत आले. ‘बाई, हात काढा, करंट लागेल!’ मी म्हटलं, साहेब, चालू आहे, आवाज ऐका ना. ‘पण दिसत नाही ना काही! तुम्ही काय टाइप करताय ते आम्हाला कसं कळणार?’

एवढे दिवस मला काही कळत नव्हतं तेव्हा कुणाचं काही अडलं नव्हतं. यांना एक सकाळ दिसेना, तर ऑफिस डोक्यावर!

आणि पुढचं ऐका. साहेबांनी स्वतः ठेकेदाराला फोन लावला — स्क्रीन काळी आहे, अर्जंट. अजित धुळ्याहून दुपारच्या जेवणाआधी हजर! गाडी करून! माझ्या दोन तक्रारींना जो शहाद्याचा रस्ता सापडला नाही, तो आज सापडला. आल्या आल्या केबल खोचली. ‘झालं, आली स्क्रीन.’ आवाज गेला. मी खुर्चीतून उठले आणि असा आवाज लावला की जिन्यापर्यंत गेला असेल. म्हटलं, आता आवाज स्पीकरकडे वळव, माझ्यासमोर, आणि मी ऐकल्याशिवाय तू इथून हलायचं नाहीस. वळवला. किती वेळ लागला? रंजिता चहाचा कप विसळून आली तेवढा.

‘सॉरी मॅडम, छोटी सेटिंग होती.’ छोटी!

१९ फेब्रुवारी

सुट्टी. तरी मनात नोंदीच चालू. महिनाअखेरच्या आत सगळ्या भरून दाखवते. आईने पेढे आणले. महादेवाचं नाव झालं, जोसेफचं कुणी घेत नाही.

२३ फेब्रुवारी

तुंबलेलं सगळं आज संपलं. एकही नोंद बाकी नाही. साहेबांना सांगायला गेले तर, ‘हो का, छान,’ आणि लगेच फोनवर कुणाशी तरी.

चार वाजता इंद्रसिंग आला, आमचा मेकॅनिक, अठरालाच सामान घेऊन गेला तो डोंगरातच होता. त्याच्या आधी सोमीबाईचाच फोन येऊन गेला होता — पाणी आलं! मी खुशीत होते. त्याला म्हटलं, पुढचा पंप खापर गावाकडचा आहे, लिहून घे. तो घुटमळला. ‘ताई, आते करणसिंगभाऊकडूनच लेवानं ना? तुमनं टेबल तं त्यासले दिधं.’

कोणी सांगितलं?

‘बोर्डवर कागद लागेल शे ना. जाताना मी वाचेल शे. तेरा तारखेना शे.’

तेरा. महिनाअखेरचा शब्द देऊन साहेबांनी दुसऱ्याच दिवशी सही केली! केबल, अजित, माझं ते बोंबलणं, सगळं त्यानंतरचं. म्हणूनच करणसिंगला घाई नव्हती. मी भरत बसलेल्या नोंदी त्याच्या टेबलाच्या होत्या.

फलक जिन्याजवळ आहे. रोज पाच वाजता तिथेच रंजिता चप्पल घालते. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून शेजारी उभी असते.

२४ फेब्रुवारी

एकटी गेले. फलकावरचे सगळे कागद ओढून काढले, टाचण्यांसकट, आणि नेऊन साहेबांच्या टेबलावर टाकले. म्हटलं, यातला माझा कुठला ते मला कळत नाही. वाचून दाखवा. उभी आहे मी.