म्हातारीचा रोल

प्रिय बाबा,

राष्ट्रीय नाट्यलेखन स्पर्धेत आपण दोघंही जिंकलोय! तुम्ही नामवंतांत, मी नवोदितांत. आई म्हणाली, "बाप घर सोडून गेला, पण खोड तुला देऊन गेला."

तुमचं नवं नाटक आपण जेवताना मोठ्याने वाचायचो, आठवतं? म्हातारीचा रोल कायम तुमचा, डोक्यावर टॉवेल घेऊन. मी प्रॉम्प्टर. अजूनही माझ्या प्रत्येक नाटकात एक म्हातारी येतेच.

बक्षीस समारंभात माझ्या नाटकातला एक प्रवेश वाचायचाय. आयोजकांनी विचारलं, "म्हातारी कोण वाचणार?" मी म्हटलं, "ठरलंय."

हे पत्र मी पाठवणार नाहीये. मी सांगितल्यावर उठलात, तर काय मजा? तुम्ही पहिल्या रांगेत असाल. मी नुसती तुमच्याकडे बघेन.

टॉवेल आणतेय.

तुमचीच,
प्रॉम्प्टर