हार्बर लाइनचा देव

१ जानेवारी, बुधवार

नवीन वर्ष. संकल्प एकच, पण दणदणीत. मनस्वीसाठी फँटसी शोधायची.

पोरगी अकरावीला आहे, वाशीला कॉलेजात जाते आणि सदानकदा गोऱ्यांच्या जादूगारांत आणि ड्रॅगनांत बुडालेली असते. काल जेवताना म्हणाली, पप्पा, आपल्यासारख्या लोकांची फँटसी नसते का? मी ताटावरच शब्द दिला. शोधून देतो. बाप कशासाठी असतो?

आज बेलापूरला ऑफिसात बसून नेटवर बघितलं. या विषयाला नाव आहे, 'नॉन-वेस्टर्न मिथॉलॉजी'. जपान, नायजेरिया, इराण, मेक्सिको. प्रचंड काम आहे. अख्ख्या तळवलीत माझ्याशिवाय कोणाला झेपणार नाही.

संध्याकाळी आईला सांगितलं. आमची आई पुतळाबाई म्हणजे धवलारीण. आगरी लग्नांत धवले गाऊन देवांना बोलावणारी. सीझनमध्ये तिची तारीख मिळत नाही. तिने विचारलं, वेस्टर्न म्हंजे बोरिवली ना रं? मंग आपून हार्बरवाले नॉन-वेस्टर्नच की! प्रियाला हसून ठसका लागला. बायकोनेच असं केल्यावर काय बोलणार. 

४ जानेवारी, शनिवार

वाशी. पुस्तकांचं दुकान. काउंटरवाला म्हणाला, वेस्टर्न नाही ठेवत सर, काउबॉय आता खपत नाहीत. दोनदा समजावलं. शेवटी त्याने गणपतीचं रंगवायचं पुस्तक पुढे केलं, क्रेयॉन फ्री.

अज्ञान सगळीकडे. ऑनलाइन मागवायचं ठरवलं. येताना बुकशेल्फ मात्र घेतलं. संग्रह वाढणार, तयारी आधी हवी.

१० जानेवारी, शुक्रवार

पार्सलं आली. जपानी कोल्हे, आफ्रिकन नदीदेवता, इराणी पक्षी, पॅसिफिकमधलं कुठलंतरी बेट. शेल्फ झकास दिसतंय. सगळ्यांची मागची पानं वाचून काढली. जपानीचं पहिलं पानही वाचलं. चार माणसं येतात, चौघांची नावं 'क'वरून. मिटलं. अशी पुस्तकं सवडीने वाचायची असतात.

मनस्वीने शेल्फ बघितलं. यातली दोन वाचलीत म्हणाली. भारी आहेत पप्पा, पण मी हे नव्हतं विचारलं.

मग काय विचारलं होतं? या वयातल्या मुलांना स्वतःलाच कळत नसतं.

१२ जानेवारी, रविवार

उलगडा झाला. आपल्यासारखे म्हणजे आपणच. तळवलीतले, खाडीकाठचे. तशी गोष्ट कुठे मिळेना म्हणून ती स्वतःच लिहायला बसली आहे! माझ्या संकल्पाची प्रेरणा. आजीचे धवले मोबाइलवर रेकॉर्ड करते आणि त्यातले देव गोष्टीत घेते.

आज एका ओळीवर अडली होती. 'भांगाला निजला खारीचा देव, उधानाला उठला गो.' खार म्हणजे खाडीकाठची, बांधाआडची आपली शेतं, एवढं तिला ठाऊक होतं. आजी घणसोलीला हळदीला गेलेली, फोन बंद. म्हणून मला विचारलं, पप्पा, इथे भांग म्हणजे काय?

मी जरासुद्धा अडखळलो नाही. भांग म्हणजे भांग. देव भांग पितो आणि झोपतो. जगभर देवांना असली पेयं लागतात, मेक्सिकोत तर विचारूच नकोस, असं सांगितलं. मेक्सिकोचं पुस्तक अजून यायचं आहे, पण अंदाज असतो. तिने विचारलं, नक्की ना? म्हटलं, शंभर टक्के.

फार बरं वाटलं. पोरीने इतक्या दिवसांत मला पहिल्यांदाच काही विचारलं.

१९ जानेवारी, रविवार

गोष्ट कॉलेजच्या स्पर्धेत जाणार. स्टेजवर वाचायची आहे. मला आधी वाचून दाखवली. खारीचा देव लोटाभर भांग ढोसतो, झोकांड्या खात बांधावर आडवा होतो, खाडीचं पाणी आत घुसतं आणि गावं बुडतात. मी एकच सुधारणा सुचवली. देवाला उचकी लागली पाहिजे. तिने लगेच घातली. आमचं टीमवर्क चांगलं जमतं.

आजीला सरप्राइज आहे. तिला पहिल्या रांगेत बसवायचं.

२५ जानेवारी, शनिवार

आज लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.

आई नऊवारी नेसून, ठेवणीतलं सोनं घालून पहिल्या रांगेत बसली होती. मनस्वी छान वाचत होती. देवाने लोटा तोंडाला लावला तेव्हा मागून हशा आला. मला वाटलं, विनोद पोचला. उचकीला तर हॉल डोक्यावर घेतला पोरांनी. मी टाळ्या वाजवल्या.

नंतर प्रश्नांच्या वेळी दिवाळे गावातली एक कोळ्यांची मुलगी उठली. अक्षता की काय नाव. ती म्हणाली, भांग पितात तो वेगळा गं. आमच्याकडे अष्टमीच्या आसपास खाडीला पाणी जास्त भरत नाही, जास्त उतरत नाही, होड्या पडून राहतात, त्या दिवसांना भांग म्हणतात. उधाणाच्या उलट. वाईट हेतू नव्हता तिचा, पण हॉल पुन्हा हसला.

आई उठून बाहेर गेली.

गाडीने घरी आलो. घराच्या दारात आईने मनस्वीला एवढंच म्हटलं, माजे देवाला बेवरा केलास गो तू, पोरी. आणि वर तिच्या मजल्यावर गेली.

मनस्वीने माझ्याकडे बघितलं. कोणी सांगितलं ते ती सांगू शकत होती. नाही सांगितलं. मी गाडीचा वायपर बघत होतो. खूप दिवस आवाज करतोय तो.

२६ जानेवारी, रविवार

चूक कोणाची, याचा थंड डोक्याने विचार केला. घरातला छोटा शब्दकोश काढला. भांग: एक मादक वनस्पती. केसांमधली रेघ. पाण्याचं नावही नाही. म्हणजे मी चुकलो असं म्हणता येत नाही, शब्दकोश अपुरा आहे. शिवाय आमची खार गेली, तिथे रस्ते आणि सेक्टर झाले, तेव्हा मी पाळण्यात होतो. मी भांग बघणार कुठे?

तरी आईला सांगायला हवं की पोरीची चूक नाही. उद्या सांगतो.

२ फेब्रुवारी, रविवार

आई सलग लग्नांत होती. घसा बसलाय. अशात तिला टेन्शन द्यायचं नाही. बाहेर गाते, घरात मात्र गुणगुणतसुद्धा नाही. स्पर्धेत वाचला तो पहिलाच भाग, मनस्वीची गोष्ट अर्ध्यावर राहिली. पुढचे धवले फक्त आईला येतात.

९ फेब्रुवारी, रविवार

आज सांगणारच होतो. भाषण तयार होतं. सुरुवात जपानपासून, मग हळूहळू आपल्याकडे यायचं. वर गेलो तर आई जिताडा मासा कापत होती. हातात कोयता. चांगला मोठा जिताडा होता. मीठ हवंय का विचारून खाली आलो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मनस्वी उशिरा घरी येते. प्रिया म्हणते, एक्स्ट्रा क्लास. जेवते, ताट उचलते, जाते. भांडत नाही. भांडली असती तर उत्तरं होती माझ्याकडे.

ती मला काही विचारतच नाही आता. वायफायचा पासवर्ड बदलला, तोही प्रियाकडून घेतला. मी दारात उभं राहून म्हटलं, काही अडलं तर विचार हं. ती म्हणाली, नाही अडलं काही.

मेक्सिकोचं पुस्तक आलं. फोडलं नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटते. पोरगी याच घरात आहे आणि माझ्यापासून निघून गेल्यासारखी वाटते.

२६ फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र

देवळात थंडाई वाटत होते. चुलतभाऊ दिपेशने ग्लास पुढे केला. म्हणाला, घे रं हितेश, तुजे खारीचे देवाचा परसाद. आजूबाजूचे सगळे हसले. म्हणजे गावात कळलंय. गोष्ट मनस्वीची, पण देव माझ्या नावावर लागलाय. गावाला कसं कळलं? मनस्वी बोलणारी नाही. प्रिया? प्रियाला तरी कोणी सांगितलं?

ग्लास परत केला. आता सांगणार. हे फायनल. प्रियाला तसं बोललो. ती म्हणाली, सांगा की, कोणी धरलंय?

७ मार्च, शुक्रवार

रजा टाकली. भाषण फाडलं. जपान नको, मेक्सिको नको. सरळ गच्चीवर गेलो. आई सुकट वाळत घालत होती.

बाजूला मनस्वी बसली होती. मांडीवर मोबाइल, रेकॉर्डिंग चालू. आई गात होती.

मी एका दमात बोलून टाकलं. आई, भांगेचं मी सांगितलं होतं तिला. तिची चूक नाही. उचकीसुद्धा माझीच.

आईने सुकट पसरायची थांबवली नाही. म्हणाली, मना त्याच दिशी कललं व्हतं. ठावं नसताना असा ठासून आपले घरान दुसरा कोन सांगतो? पोरीवं बोललू त्याचा मनाच वाईट वाटला. दुसरे दिशी खाली जाऊन तिला वर घेऊन आलू.

म्हणजे एक्स्ट्रा क्लास इथे चालायचा. प्रियालाही माहीत होतं. मनस्वी म्हणाली, आजी म्हणायची, थांब, येईल तो सांगायला. मग आम्ही थांबायचं सोडून दिलं. गोष्ट होत आली पप्पा.

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. सहज म्हणाली.

मला गोष्ट ऐकवशील का, असं विचारणार होतो, तेवढ्यात तिनेच विचारलं. पप्पा, उघाडी म्हणजे काय?

उत्तर जिभेवर तयार होतं. उघाडी, उघडी, म्हणजे कोणीतरी देवी, इराणातही अशीच एक. गिळलं.  म्हटलं, माहीत नाही.

एवढं मोठं वाक्य मी आयुष्यात बोललो नव्हतो. वाटलं, आता पोरगी उठेल, गळ्यात पडेल, निदान हसेल. ती म्हणाली, ओके. आणि आजीकडे वळली.

आईने हातवारे करत सांगितलं. बांधाला लाकराचा दार असतो, ओटीला आतला पानी भायेर सोरतो, भरती आली का आपसूक मिटतो. त्याला उघारी बोलतान. दोघींची डोकी जवळ आली. मनस्वी लिहीत होती. मी तसाच उभा. लांब खाडी दिसत होती. आज अष्टमी. पाणी जागच्या जागी.

मग आई म्हणाली, उभा ऱ्हाव नको, कावले सुकट खातान. मी काठी घेऊन कठड्याशी बसलो. गाणं पुन्हा सुरू झालं. मध्ये 'खांड' असा शब्द आला. लाज वाटत होती, तरी विचारलं. आई, खांड म्हणजे काय?

आई म्हणाली, आदी कावले बघ.