सहावा बार

दादा,

काल दुपारी खदानीत मी एका नव्या कोऱ्या रिव्हॉल्वरचे पाच बार काढले आणि सहावा न काढता तो गिऱ्हाईकाच्या हातात दिला. त्या घडीपासून माझं सगळं बदललंय. रात्रभर कूस बदलत होतो. सकाळी चहा पुढ्यात गार झाला. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली, एवढ्या काळात तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहायला बसलोय तर हात थांबत नाही, आणि पाय म्हणतात ऊठ.

तुम्ही गेलात तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. त्यानंतरचं तुम्हाला काही माहीत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. कॉलेजात गेलो, सायन्सला. दुसऱ्या वर्षी सोडलं. आता शहागंजातल्या तुमच्याच बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात बसतो, चाचांच्या लायसनवर काम करतो. चाचांचा जो एक डोळा तुमच्या वेळी चांगला होता, त्यातही आता मोतीबिंदू उतरलाय. ते बोटांनी चाचपून सांगतात, मी करतो. लोक म्हणतात, बापाचा हात आलाय पोराला. आईला ते आवडतं. चाचा मात्र म्हणतात, "हाथ तो आया मियां, ठंडा दिमाग कब आएगा?"

कॉलेज का सोडलं ते तुम्हाला चिठ्ठीतसुद्धा सांगायला जड जातंय. एक मुलगी होती. होती काय, आहे. शेंद्र्याकडच्या जमीनदारांची, शिकायला उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या घरी राहायची. लॅबमध्ये आमचं टेबल एक. कॉलेजची सहल अजिंठ्याला गेली होती तेव्हा फर्दापूरच्या स्टँडवर तिनं एक पेरू घेतला, दाढेनं फोडला आणि मोठा तुकडा मला दिला. एवढंच. त्या पेरवाच्या बिया महिनाभर माझ्या दातात होत्या असं समजा. मग कुणीतरी तिच्या भावाला सांगितलं. तो कॉलेजच्या फाटकावर आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "बंदुका घासणाऱ्याच्या पोरानं आमच्या घराकडं बघायचं नाय." मी त्याच्या थोबाडीत दिली. त्याची टोपी गटारात पडली. प्रिन्सिपल म्हणाले, माफी माग आणि वर्गात जाऊन बस. मी म्हणालो, मागणार नाही. वह्या तिथंच टेबलावर टाकल्या आणि निघून आलो.

तिला नंतर एकदा भेटलो. म्हणालो, दोन वर्षं थांब, मी काहीतरी होऊन दाखवतो. ती म्हणाली, "तुझा राग उतरायला दोन वर्षं लागतात का रे? माफीचे दोन शब्द बोलला असतास तर आज वर्गात असतास. मी घरी कोणत्या तोंडानं बोलू?" मला तेव्हा तिचाही राग आला. तिला काय जातंय बोलायला, असं वाटलं. आज तिचं लग्न आहे, दादा. गोरज मुहूर्तावर, उस्मानपुऱ्यातल्या घरापुढं मांडव घालून.

आणि काल दुपारी दुकानात आला तो तिचा भाऊ.

मी मान वर केली. मग तो हसला. "काय कॉलेजकुमार! इथं हायेस व्हय? म्हातारा कुठंय?" शुक्रवार होता, चाचा जुम्म्याला गेले होते. तसं सांगितलं. त्यानं कमरेचं पाकीट काढून पुढ्यात ठेवलं. आत नवा रिव्हॉल्वर, मुंबईहून आणलेला. अजून कारखान्याच्या तेलाचा वास मारत होता. म्हणाला, "घोडा ओढला की मधीच अडकतंय. दुकानदार म्हणतो नवा हाय, वापरून सैल होईल. आता उद्या परण्या मांडवाच्या दारात आला की मला बार काढायचेत, तवा काय नवरदेवाला सांगू, थांबा पाव्हणं, सैल होऊ द्या?"

कितीही राग असला तरी हत्यार हातात आलं की माझी बोटं आपोआप चालतात, हे तुमचं देणं. खोलून पाहिलं. आत घट्ट ग्रीस थापलेलं, वाळून मेणासारखं झालेलं. ते धुतलं, पुसलं, जोडलं. घोडा लोण्यासारखा ओढला जायला लागला. तो म्हणाला, "झालं की! दे." मी म्हणालो, "इथून असं देत नाहीत. आमच्या दुकानाचा रिवाज आहे. चक्रातल्या सहाही घरांचा पहिला बार आम्ही काढायचा, मग गिऱ्हाईकाच्या हातात." म्हणजे बघा, तोवर मी शहाणाच होतो.

त्याच्या जीपमधून खदानीत गेलो. तुम्ही उभे राहायचात तिथंच, त्या पिवळ्या दगडापाशी उभा राहिलो. त्याला मागं उभं केलं. तुमचं भिंग खिशात होतं. आठवीत पहिला आलो तेव्हा दिलेलं, पितळी काठाचं. प्रत्येक बाराआधी घोडा चढवून, भिंगातून घर नळीच्या समोर आलंय का ते पाहायचं, मग झाडायचं. तसंच केलं. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचही सरळ, समोरच्या मातीत. तो मागून बडबडत होता. नवरदेव वकील आहे, पुण्याला शिकलाय, घरात दोन मोटारी. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग तो म्हणाला, "आन् तुला सांगतो, आमी काय बांधून नाय देत तिला. फोटो दाखवला, हो म्हणली. हसली बी."

हसली बी.

ऊन डोळ्यांवर येत होतं. मी चक्र बाहेर काढलं, सहावी गोळी तळहातावर घेतली आणि रिव्हॉल्वर आणि ती गोळी दोन्ही त्याच्या हातात दिली. त्याच्या लक्षात आलं. "पाचच बार वाजले की रे?" मी म्हणालो, "एक लग्नासाठी ठेवलाय." तो खूश झाला. पाठीवर थाप मारली, म्हणाला, "जुनं इसर आता." जीपमधून दुकानापर्यंत सोडलंसुद्धा.

संध्याकाळी चाचांनी विचारलं. ते दुसरं काही विचारतच नाहीत, "छे के छे?" म्हणजे सहाच्या सहा काढले का, एवढंच. मी म्हणालो, "हौ चाचा." त्यांनी मान फिरवली. ज्या बाजूला डोळा नाही ती बाजू माझ्याकडं होती. मग उठले, म्हणाले, "तेरा बाप झूठ बोलता था ना, तो ऐसाच जल्दी बोलता था."

तुम्हाला स्टोव्हचा दिवस आठवतो का? मी शेजारच्या काकूंच्या ओसरीवर विटी मारली म्हणून त्यांनी मला कान धरून हाकललं होतं. दोन दिवसांनी त्यांचाच स्टोव्ह माझ्याकडं दुरुस्तीला आला, मी तेव्हा लई हुशार समजत होतो स्वतःला. पिन बदलली, वॉशर बदललं आणि वरचं बर्नर मुद्दाम सैल ठेवलं. भडका उडू दे, भुवया जळू देत म्हातारीच्या, असं मनात. तुम्ही दुकानातून जेवायला आलात, स्टोव्ह हातात घेतलात, एकदाच हलवून पाहिलात. ओरडला नाहीत. स्वयंपाकघरात मधोमध ठेवलात, माझ्या हातात काडेपेटी दिलीत आणि म्हणालात, "पेटव." आई म्हणाली, "अहो, लेकरू आहे." तुम्ही म्हणालात, "त्याला माहीत आहे त्यानं काय केलंय. पेटव रे." मी रडायला लागलो. काडी ओढली जाईना. तेव्हा तुम्ही पाना घेऊन बर्नर आवळलंत, भाकरीचा तुकडा मोडलात आणि ते सांगितलंत जे आईलाही ठाऊक नव्हतं.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, छावणीतला हत्यारखाना बंद होणार म्हणून नवा साहेब आला. पंधरा वर्षांची तुमची नोकरी एका कागदावर गेली. शेवटच्या दिवशी त्याच साहेबाचा रिव्हॉल्वर तुमच्या टेबलावर होता. तुम्ही तो जोडलात आणि तपासला नाहीत. मला काय त्याचं, असं म्हणालात. पण साहेबाआधी तो तुमच्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या चाचांनी उचलला. सवयीनं, पहिला बार आपला म्हणून. घर नळीसमोर नीट आलं नव्हतं, गोळी नळीच्या मागच्या तोंडाला घासली, शिशाची कपची बाजूला उडाली. चाचांचा डोळा गेला. दवाखान्यात ते तुम्हाला म्हणाले होते, "नसीब है भाई." तुम्ही त्यांना खरं कधी सांगितलंच नाही. मला मात्र सांगितलंत, भाकरी चावत, माझ्याकडं न बघता. "माणूस राग इसरतो. हत्यार नाय इसरत. ते कुणाच्या हातात जाईल ते तुला म्हाईत नसतं."

काल संध्याकाळी चाचांच्या त्या 'जल्दी'वरून मला कळलं की त्यांना ते पहिल्यापासून माहीत होतं.

सकाळपासून मी स्वतःला समजावतोय. पाच घरं सरळ होती म्हणजे सहावंही असणार. ग्रीसच अडकत होतं, दुसरं काही नव्हतं. त्याला घाई होती. ऊन होतं. चाचा नव्हते. आणि शिवाय तो हवेत झाडणार, वर. पण कपची वर जात नाही ना दादा, आडवी जाते. आणि परण्या दारात येतो तेव्हा नवरीच्या भावाच्या आजूबाजूला कोण असतं? कलश घेतलेल्या करवल्या. नवरदेव बघायला घुसलेली चिल्लीपिल्ली. वाकून बघणाऱ्या म्हाताऱ्या. आणि खिडकीतून कोण बघत असेल ते मला माहीत आहे. हसत असेल तर हसू दे.

आता साडेतीन वाजलेत. उस्मानपुरा सायकलवर वीस मिनिटांचा रस्ता आहे. मला तिथं जाऊन भर मांडवात त्याला म्हणावं लागेल की द्या तो इकडं, मी काम अर्धवट सोडलंय. तो विचारेल, का? खरं सांगितलं तर चार जण मिळून तुडवतील. खोटं सांगितलं तर तो देणारच नाही, त्याला वाटेल लग्न मोडायला आलोय. म्हणजे खरंच सांगावं लागेल. जी माफी प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये नाही मागितली, ती वाजंत्रीवाल्यांसमोर मागायची, आणि तीही त्याच माणसाची. ती ऐकेल. तिला वाटेल, आता मागतोय, आता काय उपयोग. तिचं बरोबरच आहे.

हे लिहितोय म्हणजे मी जायचं टाळतोय, हे मला कळतं. चाचा बाहेर बाकावर बसलेत. मघाशी दारातून म्हणाले, "बाप को लिख रहा क्या? लिख. पर उसने जो नहीं किया, वो तू कर." कानस, तेलाची कुपी, भिंग पिशवीत भरून ठेवलंय. तिथंच कुठं पायरीवर बसून काम करीन. अर्ध्या तासाचं आहे. मग मळ्याच्या बाजूला जाऊन सहावा बार मीच काढीन, एकट्यानं.

हा कागद तुमच्या पेटीत पान्यांखाली ठेवतोय. पाठवायला पत्ता कुठं आहे.

अर्ध्या तासाचं काम आहे, हे मला कसं माहीत, असं तुम्ही विचारलं असतंत. दादा, ऊन डोळ्यांवर नव्हतं. उन्हाकडं माझी पाठ होती. मी सहाव्या घराला भिंग लावलं होतं. घर नळीच्या केसभर डावीकडं उभं होतं, चक्राच्या खाचेत अडकलेला धातूचा कपटासुद्धा दिसला होता मला. त्यानंतर मी चक्र उघडलं आणि गोळी त्याच्या हातात दिली.

आता चाचांना सांगतो, येतो. दार ओढून घेतो, कडी लावतो.