बसू या जरा

भाऊजी यांस,

परवा तुम्ही भेटून गेल्यावर चहाचे कप उचलता उचलता मुलाने विचारलं, "आई, काका म्हणतात रविवारी बसू या जरा, मन हलकं होईल. जाऊ का?"

तुमच्या घरात दारूला दारू म्हणतच नाहीत. सगळे नुसते बसतात. सासरे बसायचे, मग हे बसायला लागले.

डॉक्टरांनी यकृताचं सांगितल्यावर यांनी खरंच सोडली होती. हे कामाला होते त्या चष्म्याच्या दुकानात बारीक स्क्रू आवळायचं काम पुन्हा यांच्याकडे यायला लागलं. एका दुपारी मी सुईशी झटापट करत होते, तर यांनी हातातून घेऊन पटकन दोरा ओवला आणि म्हणाले, "बघ, आता तुझाच हात थरथरतो."

मग तुम्ही आलात. "दादा, एकदा बसल्याने काय होतंय?" मी नको म्हटलं, तर हसलात. "वहिनी, दादा काय शाळेत जातो का?" त्यानंतर यांचं बसणं थांबलंच नाही. थेट दवाखान्यात आडवे झाले ते उठलेच नाहीत. आणि परवा आलेल्या माणसांना तुम्ही सांगत होता, दादाचं हृदयच नाजूक होतं.

हे पत्र मी टाकणार नाही. वाचून तुम्ही हसण्यावारी न्याल. रविवारी त्याला न्यायला याल, तेव्हा दार मीच उघडेन. या घरात आलेल्या कुणाला मी आजवर उभं ठेवलेलं नाही. तुम्हाला मात्र बसा म्हणणार नाही.

तुमची वहिनी