चार भोकांचं बटण

४ जानेवारी
ह्यांना जाऊन सव्वीस दिवस झाले. न्हाणीघरातला गॅसचा गीझर तपासायला आलेल्या माणसाने कागदावर लिहून दिलं — कार्बन मोनॉक्साइड. दोन शब्दांत तीस वर्षांचा संसार खलास! हा वायू दिसत नाही, वास येत नाही म्हणे. मग झाला कशापासून? कोणी नीट सांगेना. 'आता ते कळून काय करणार आहेस?' — नणंदबाई. करणार काहीच नाही. पण मला कळायला हवंय.

६ जानेवारी
भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला लेक तेच सांगतो. 'बाबा सांगत होते, मिस्त्रीला बोलव. मीच टाळलं. माझ्यामुळे गेले.' मोठ्याने, कोणी विचारलेलं नसताना. जेवायला बसतो, दोन घास खातो, उठतो. मी ऐकते आणि शिलाई मशीनवर जाऊन बसते.

९ जानेवारी
वरच्या मजल्यावरच्या बाई कोटाच्या बाह्या आखूड करून घ्यायला आल्या. शाळेत विज्ञान शिकवायच्या, आता निवृत्त. त्यांनाच विचारलं. अणू-रेणू म्हटलं की मला जांभया यायच्या, हेही सांगून टाकलं. हसल्या नाहीत. माझा बटणांचा डबा शिलाई मशीनवर उपडा केला.

'हे चार भोकांचं बटण म्हणजे कार्बन. हे दोन भोकांचं, ऑक्सिजन. भोकाला भोक जोडायचं, एकही रिकामं ठेवायचं नाही. ओवा बघू.'

ओवलं. चाराच्या एकाला दोनाची दोन लागली. चपखल!

'हा कार्बन डायऑक्साइड. गॅस नीट जळला की हाच होतो. आता दोनाचं एकच घ्या.'

घेतलं. चाराची दोन भोकं उघडी राहिली.

'खरं ह्याहून किचकट असतं, पण हाच तो तुमचा मोनॉक्साइड. रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावतो आणि सोडता सोडत नाही.'

'पण ह्याला दुसरा ऑक्सिजन का नाही मिळाला?'

'हवा कमी पडली. बर्नर खराब असला तरी हवा खेळती असती, तर बहुधा निभावलं असतं. झरोका नाही का?'

'आहे,' म्हटलं. बाह्यांचं उद्या बघते म्हटलं.

१० जानेवारी
बाह्या झाल्या नाहीत.

११ जानेवारी
इथे तरी खरं लिहिते. झरोका मी बुजवला होता. आंघोळीला हे कुडकुडायचे, दातांवर दात वाजायचे. म्हणून निळ्या अस्तराचा तुकडा घेतला, दुहेरी केला, कडा दुमडून शिवल्या आणि जाळीत कोंबला. हे म्हणाले, 'वा! झरोक्यालाही कपडे शिवलेस!'

त्या दिवशी दार फोडलं, ह्यांना बाहेर आणलं, आणि शेजारी गोळा व्हायच्या आत मी तो तुकडा ओढून काढला. कपाटात तळाशी लपवला. अशा वेळी हे सुचलं तरी कसं मला! आणि महिनाभर पोराला स्वतःला बोल लावू देतेय.

सांगितलं तर तो माझं तोंड बघणार नाही. ह्यांच्यामागे मला तो एकटाच आहे. कसं सांगू?

१५ जानेवारी
लेकाची पँट कमरेत दोन इंच आत घेतली. महिन्यात दोन इंच! टाके घालताना खूप रडले.

१६ जानेवारी
जेवताना तो निळा तुकडा त्याच्या ताटाशेजारी ठेवला. एका दमात सगळं सांगितलं.

त्याने तुकड्याला हात लावला नाही. 'माहितीय, आई. जाळीला निळा धागा अडकला होता. तपासणारा यायच्या आधी मी काढला.'

'मग सगळ्यांना मीच, मीच म्हणत होतास ते —'

'हं.'

ताटातलं गार होऊन गेलं. उठलं मात्र कोणीच नाही.