पाटाची गिटार

२ फेब्रुवारी १९७४

हसले! सगळेच्या सगळे हसले. मारोतरावांच्या ऑर्केस्ट्राची तालीम. मी पिशवीतून गिटार काढून मांडीवर आडवी ठेवली, तर ढोलकवाला म्हणतो, "बाई, जेवायले बसून राहिल्या का?"

पाटच आहे तो. सागवानी, कोपऱ्यांना पितळी फुलं. याच पाटावर बसवून मला दाखवायचे. नाव सांग, चालून दाखव, केस सोडून दाखव! शेवटच्या पाव्हण्यांचा नकार आला त्या दिवशी मी करवत घेतली. खुंट्या जुन्या सतारीच्या. तारांवरून फिरवायला वाडीच्या ट्रक मेकॅनिकने दिलेली पिस्टनची पिन — इतकं गुळगुळीत लोखंड दुकानात मिळत नाही. आईने कपाळावर हात मारला. "आता पाव्हण्यांपुढं तुले कशावर बसवू वं, उत्तरा?" बसवूच नको, म्हटलं.

मारोतराव हसले नाहीत. त्यांना कामठीच्या कार्यक्रमात सोलो वाजवणारी बाई हवी आहे. "बोर्डावर बाईचं नाव लावलं का पब्लिक येते." पण हा पाट नको म्हणे. ऑर्केस्ट्रातल्या रुपरावांची कलकत्त्याची गिटार घ्या.

माझा हात या तारांवर बसला आहे. मी नाही म्हणाले. सोलो तर मला हवाच आहे, पण याच गिटारवर.

५ फेब्रुवारी

रुपराव म्हणजे ऑर्केस्ट्राचे जुने गिटारवाले. आजवर सोलो तेच वाजवत आले. आज माझी गिटार उलटीपालटी करून पाहिली. "खरखर आहे वं पोरी आवाजात. घोडी चुकली तुही. स्टील गिटार कशी, पाण्यावानी गेली पाहिजे."

चुकली नाही! तारा ज्या घोडीवरून जातात ती मी मुद्दाम तंबोऱ्यासारखी रुंद केली आहे. तार तिच्यावर हलकी टेकते आणि झणझणते. त्या झणझणीलाच जवारी म्हणतात. सांगितलं सगळं. त्यांचं आपलं पाण्यावानीच.

तुमची जाऊ द्या पाण्यासारखी. माझी नाही जाणार.

९ फेब्रुवारी

काल मी शिकवते त्या शाळेत स्नेहसंमेलनाची गडबड, म्हणून तालमीनंतर गिटार हॉलवरच ठेवली होती. मूर्ख मी! आज तार छेडली तर आवाज मेलेला. घोडीची पाठ कानशीने घासून टाकलेली — अगदी टोकदार.

रुपराव हसतमुख. "खरखर काढून देल्ली तुही. उपकार समज."

मी रडले. सगळ्यांसमोर रडले, याचाच जास्त राग येतो आहे. आणि मारोतराव खूश! "आता कशी कंपनीवानी वाजते! हिच्यावर सोलो तुमचा. पक्का." ढोलकवाल्यानेही टाळ्या वाजवल्या. पाट तोच, खुंट्या त्याच, पण आता कुणाला काही खुपत नाही. जे मागत होते ते ताटात वाढून मिळालं. फक्त घोडी अशीच ठेवायची.

१० फेब्रुवारी

नाही ठेवणार.

११ फेब्रुवारी

मारोतरावांना सांगून आले, मी नवी घोडी बसवणार. ते चिडले. "काहून जिद्द करून राहिल्या बाई? कानाले गोड लागते ते वाजवा ना! नाही तं सोलो रुपराव वाजवतीन." वाजवू दे त्यांना!

१३ फेब्रुवारी

सतार दुरुस्त करणाऱ्या बापूजींनी शिंगाचा एक तुकडा दिला. घासायचं, तार चढवायची, ऐकायचं, तार उतरवायची, पुन्हा घासायचं. बोटांची सालटी निघाली. मधल्या सुट्टीत शाळेतही घासत बसते. बाकीच्या बाया मला येडी समजतात, समजोत.

आई म्हणाली, "येवढं करून त्यायनं तुले बलावलंच नाही, मंग?" मग घरी वाजवीन. शेजारी आहेतच ऐकायला! आईला हसू आलं. किती दिवसांनी.

१४ फेब्रुवारी

उघडली जवारी! दुपारी एकदम. आधीपेक्षाही चांगली. आई पोळ्या टाकून बाहेर आली आणि तव्यावरची पोळी करपली.

१६ फेब्रुवारी

बोलावणं नव्हतंच. तरी बसने कामठीला गेले, गिटार मांडीवर घेऊन. बोर्डावरचं माझं नाव कुणी पुसलं नव्हतं. पुढच्या रांगांत छावणीतले जवान. त्यांनी 'गिटारवाली, गिटारवाली' चालू केलं तेव्हा मारोतरावांचा नाइलाज झाला. "जा बाई. पण माह्या इज्जतीचा कचरा करू नोका."

पाट पाहून हशा. एकजण ओरडला, "रोटी बेलो!" मी त्याच्याकडे पाहिलं आणि पिन तारेवर ठेवली. भोंग्यातून ती झणझण अख्ख्या मैदानावर पसरली. तो हसायचा थांबला की नाही, पाहिलं नाही. मी वाजवत होते! शेवटी टाळ्या झाल्या, शिट्ट्याही झाल्या. कोण कशासाठी, देव जाणे. मारोतराव एवढंच म्हणाले, "पुढच्या प्रोग्रामचं कळवतो." कळवा नाही तर नका कळवू.

रुपराव पडद्यामागे खोक्यावर बसून होते. आज त्यांची गिटार पेटीतच राहिली. मला फार बरं वाटलं. का वाटू नये?

१८ फेब्रुवारी

शाळा सुटली तर फाटकाशी रुपराव उभे. माझ्याकडे न बघता म्हणाले, "जवारी मले ठाऊक होती वं. चुकून नाही घासली."

"मग काहून घासली?"

"पहिल्याच दिवशी ऐकली ना. तवाच समजलं, माहा सोलो गेला."