आतला पांढरा रंग

बेल्जियम, जानेवारी १९४५

प्रिय व्हर्नाताई,

मोजे पोचले, पायातच आहेत. आईचा खोकला कसा आहे?

रणगाडा आपला चांगला की जर्मनांचा, असं तू विचारलंस. आपला गोळा त्यांच्या पुढच्या चिलखतावर आपटून उडतो, त्यांचा आपल्यात सरळ आत शिरतो. मात्र त्यांचे वाटेत बंद पडतात, आपले चालतात आणि संख्येनं जास्त आहेत. म्हणून एकानं समोर जाऊन त्याला गुंतवायचं, बाकीच्यांनी बाजूनं घुसायचं. समोर कोणी जायचं, ते काड्या ओढून ठरवतो.

मंगळवारी आखूड काडी शेजारच्या रणगाड्यावरच्या ह्यूबर्टला आली. "माझी कॉफी पिऊ नका रे," म्हणाला आणि निघाला. तो जर्मन रणगाडा आम्ही बाजूनं फोडला, पण तोवर उशीर झाला होता.

आमचा रणगाडा मोडलाय, म्हणून आज दुसरा दिला. आतून ताजा पांढरा रंग आहे, कारखान्यात तू देतेस तसाच. आईला सांग, कोरा करकरीत मिळालाय.

तुला म्हणून सांगतो, तो ह्यूबर्टचा आहे. पुढचं भोक बुजवलंय. आतून धुतला, तरी डाग जाईनात, म्हणून रंग दिला. मीच दिला.

आईला जप.

तुझा धाकटा,
डेल्मर